उपकाराची फेड कोठपर्यंत?

आपल्या वस्तीतले एखादे पोर आय.टी.आय. करते किंवा बी.कॉम. होते आणि जालन्याच्या स्टील कारखान्यात, बियाण्याच्या कंपनीत नाहीतर एखाद्या पतसंस्थेत चिकटते. ते एकट्याच्या बळावर क्वचितच चिकटते. कुणी ओळखीचे साहेब, कुणी उस्ताद, कुणी कार्यकर्ते दादा मध्ये असतात. त्यांनी अर्ज भरायला शिकविलेले असते, मुलाखतीला जाताना स्वतःचा शर्ट घालायला दिलेला असतो, पहिल्या महिन्यात हिशेब चुकला तर सांभाळून घेतलेले असते. आपल्या बऱ्याच घरांत नोकरीला लागणारा हा पहिला किंवा दुसराच माणूस. बापाला ऑफिस माहीत नाही, आईला रजेचा अर्ज माहीत नाही. तेव्हा असा मार्गदर्शक भेटणे ही चैन नव्हे, गरज आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचून कुणी म्हणणार नाही की हा मोठ्यांचा मान ठेवू नका असे शिकवतो.

अडचण निराळीच आहे. पहिल्या रविवारी साहेब म्हणतात, जरा घरी ये, सिलिंडर आणायचा आहे. पोरगा आनंदाने जातो. दुसऱ्या रविवारी त्यांच्या मुलाला क्लासला सोडायचे असते. दिवाळीला घराला रंग. मग कर्मचाऱ्यांच्या सोसायटीची निवडणूक लागते आणि मत कुणाला द्यायचे ते कळविले जाते. एक दिवस कर्जाचा फॉर्म पुढे येतो, "इथं सही कर, जामीनदार म्हणून." हात आखडला की ठेवणीतले वाक्य बाहेर पडते : "तुला लावलं कुणी?" या प्रश्नाला आपल्या पोरांजवळ उत्तर नसते, कारण लावलेले खरेच त्यांनीच असते.

घरी सांगावे तर आई म्हणते, "साहेबांचं ऐक रे, त्यांनीच तर आपलं चांगलं केलं." आईचे बोलणे प्रेमाचे आहे, पण त्यात आपल्या आज्या-पणज्यांची जुनी भीतीही बोलते, हे ओळखले पाहिजे.

ही भीती कोठून आली? महार वतन आठवावे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले. वतनाविरुद्ध त्यांची मोठी तक्रार हीच होती की महाराच्या कामाला हद्दच नाही. रात्री बोलावले तर रात्री जायचे, कोणत्याही खात्याने बोलावले तरी जायचे, आणि वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला धरून न्यायचे. कामाची यादी नाही, वेळ नाही, नाही म्हणायची सोय नाही. मुंबई राज्यात ही वतने नाहीशी करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या पश्चात. १९२८ साली आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून ते बिल आपल्यासाठी नव्हते. पण हद्द नसलेली गावकीची कामे टेंभुर्णीकडच्या म्हाताऱ्या माणसांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पाटलाच्या वाड्यावरची वेठ गेली. साहेबांच्या बंगल्यावर ती पुन्हा सुरू होत असेल, आणि साहेब आपल्याच समाजातले असतील, तर तिला "गुरुसेवा" म्हणायचे काय?

यावर कुणी म्हणेल, अहो, समाजाचे ऋण फेडायला नको काय? १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जे दुःख व्यक्त केले ते आपल्या प्रत्येक नोकरदाराच्या मनात सलते. सललेच पाहिजे. परंतु समाजाचे ऋण आणि एका माणसाचे घरकाम या दोन गोष्टी एका खात्यावर मांडता येत नाहीत. वस्तीतल्या दहावीच्या पोरांना संध्याकाळी तासभर शिकविले तर समाजाचे ऋण फिटते. साहेबांचा सिलिंडर आणला तर साहेबांच्या घरचा चहा होतो, एवढेच.

बाबासाहेबांना स्वतःला मार्गदर्शक आणि आश्रयदाते लाभले होते. त्यांच्याशी ते कसे वागले आणि ते लोक यांच्याशी कसे वागले, हे या दृष्टीने पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले ते चर्नी रोडच्या बागेत. उघड्यावर, चार लोकांत. गुरुजींनी पोराला काय वाचावे ते सांगितले, पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशाअभावी कॉलेज अडले तेव्हा ते भीमरावांना घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. पुस्तक, वेळ आणि योग्य जागी टाकलेला एक शब्द. मार्गदर्शकाने द्यायचे ते हेच.

बडोद्याचे प्रकरण अधिक शिकविणारे आहे. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले आणि त्याच वर्षी जूनमध्ये भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला : अमेरिकेत तीन वर्षे शिष्यवृत्ती, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. येथे उपकार होता, पण तो मोघम नव्हता. किती वर्षे, कशासाठी, बदल्यात काय, सगळे कागदावर. १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले. महाराज चांगले होते. पण महाराजांच्या चांगुलपणाने ऑफिसातला पट्टेवाला बदलला नाही, तो कागद लांबूनच टाकी. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी खानावळीत राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. वर दाद मागून उपयोग झाला नाही आणि बाबासाहेब मुंबईला परतले. दहा वर्षांची अट होती म्हणून अपमान गिळत दहा वर्षे तेथे काढली नाहीत. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठविले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांचीही मदत झाली, आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले.

मग उपकार विसरले काय? १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. तो त्यांनी सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला आहे, आपल्या शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोदा सोडून आठ वर्षे झाली होती. मान द्यायचा तो असा देता येतो.

दुसरे उदाहरण त्यांच्या लंडनच्या प्राध्यापकांचे, एडविन कॅनन यांचे. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली निघाला, त्याला प्रस्तावना कॅननसाहेबांची. त्या प्रस्तावनेत ते सरळ लिहितात की लेखकाची बरीचशी मते मला मान्य नाहीत. आणि तरीही त्याच्या विचारातल्या ताजेपणाचे कौतुक करतात. शिष्याने आपलेच म्हणणे पुढे ओढले पाहिजे असा गुरूचा हट्ट नाही, आणि गुरूला बरे वाटावे म्हणून शिष्याने मत बदललेले नाही. आपल्या ऑफिसात नाही, आपल्या संघटनांत तरी हे किती ठिकाणी दिसते? तरुण कार्यकर्त्याने बैठकीत वेगळे मत मांडले की दुसऱ्या दिवशी त्याचे नाव पत्रकातून गळते. असो.

भगवान बुद्धांनी सिगालाला केलेल्या उपदेशात शिष्याची कर्तव्ये पाच सांगितली तशी आचार्याचीही पाचच सांगितली आहेत. त्यातले एक कर्तव्य मला फार मोलाचे वाटते. आचार्याने शिष्याची आपल्या मित्रमंडळीत ओळख करून द्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे. म्हणजे शिष्याला आपल्याच खुंट्याला बांधून ठेवू नये, दहा दारे त्याला उघडून द्यावीत. विनयातही नव्या भिक्षूने आचार्याच्या आधाराने राहायची मुदत घालून दिली आहे : जो जाणता आणि समर्थ झाला त्याला पाच वर्षे पुरेत. त्यानंतर त्याने स्वतःच्या पायावर उभे राहायचे.

आता रोजच्या व्यवहारातले. सगळ्यात आधी जामीन. आपले लोक समजतात की जामिनाची सही म्हणजे ओळखीची सही. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. साहेबांनी हप्ते थकविले तर तुमच्या पगारातून कपात लागू शकते, आणि तेव्हा साहेब कदाचित निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे असतात. म्हणून घरात बसून एकदा ठरवावे की आपल्या घरातून कुणालाच जामीन राहायचे नाही. मग पोराला भांडावे लागत नाही. त्याने एवढेच म्हणावे : "साहेब, आमच्या घरात ठरलंय, कुणालाच जामीन राहायचं नाही. राग मानू नका." नियम घराचा असला की व्यक्तीचा अपमान होत नाही. पैसे उसने देण्याघेण्याचेही तसेच. केंद्र सरकारच्या नोकरांना तर आपल्या अधिकारक्षेत्रातल्या किंवा कामाचा संबंध येणाऱ्या माणसाशी उसनवारी करायला १९६४ च्या वर्तणूक नियमांनीच मनाई आहे. नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की पैसे मध्ये आले की हाताखालचा माणूस मोकळेपणी बोलू शकत नाही.

रविवारचे काम एकदम तोडू नये. एकदा जावे, दुसऱ्यांदा "आज वस्तीत वर्ग आहे, सर" असे सांगावे, आणि सोमवारी कामावर वेळेआधी हजर राहावे. ऑफिसचे काम चोख असेल तर नकाराला वजन येते. कामचुकार माणसाचा नकार कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेल्या मुलांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा आपला करार मागून घेऊन वाचावा. त्यात मुदत असते, विद्यावेतन असते, कोणता धंदा शिकवायचा ते असते. फिटरच्या उमेदवाराला वर्षभर चहा आणायला पाठविणे हे शिकविणे नव्हे.

एक बाजू मार्गदर्शकांचीही आहे, ती कुणी लिहीत नाही. रात्री अकराला फोन, "सर, उद्या फी भरायची आहे." लग्न जमवायचे तर सर, बायकोशी भांडण झाले तर सर, जमिनीचा वाद तर सर. त्यांच्या घरच्या बाईने किती वेळा चहाचे आधण ठेवायचे? मी कारकून माणूस. मला टिपणी लिहायला एका वरिष्ठांनी शिकविले ते जेवणाच्या सुटीत, टेबलावर, सर्वांसमोर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले होते, "कामाचं काहीही विचार. पैसे मागू नको, आणि घरचे निर्णय घरच्यांबरोबर घे." तेव्हा थोडे लागले. परंतु पुढे त्यांच्यासमोर बसताना कधी ओशाळे वाटले नाही, ते त्या एका वाक्यामुळे.

आपल्या मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. शिकविण्याच्या निमित्ताने सुटीच्या दिवशी एकटीला बोलावणे, रात्रीचे फोन, "मी तुला पुढे नेईन" असली आश्वासने. मुलगी गप्प राहते, कारण घरी सांगितले तर नोकरीच बंद होईल ही धास्ती. म्हणून पहिली गोष्ट आई-बापांनी करायची : तक्रार केली तरी नोकरी सोडायला लावणार नाही, हा शब्द तिला आधीच द्यावा. राजस्थानातील साथिन भंवरीदेवींच्या प्रकरणातून पुढे आलेल्या विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यात कायम नोकरदार बाईच नव्हे, तर शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, रोजंदारीवरची, घरकाम करणारीही येते. कामात फायदा करून देतो असे आमिष दाखवून केलेली लगट त्यात धरलेली आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे; त्याहून लहान दुकानासाठी, पतपेढीसाठी किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची चौकशी जालन्याला जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी, सहा प्रतींत द्यायची असते. उशिराला सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तीन महिने भरकन जातात. म्हणून तारीख, वेळ, काय बोलले, जवळ कोण होते, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नव्हे, घरी आईजवळ ठेवावी.