ताशातला 'श' वाचवायचा तर

गणपतीच्या दीड-दोन महिने आधी पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. रात्री घरी आलेल्या वादकाला आईने जेवायला मारलेली पहिली हाक ऐकूच जात नाही. कानाला दडे बसलेले, आत बारीक 'कुंई' चालू. सकाळी कान मोकळे होतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

पण सगळंच भरून येत नाही. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातल्या सुमारे १५ हजार केशपेशी आवाज टिपतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी बळी जातात त्या ३ ते ६ हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या पेशी. ताशाची कडकड याच पट्टीत खुलते आणि 'स', 'श', 'च' ही व्यंजनंही इथेच ओळखू येतात. म्हणून कान बिघडलेला माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही."

कान हिशेब ठेवतो तो आवाज आणि वेळ दोन्हींचा. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेने कामगारांसाठी दिवसाला ८५ डेसिबल, ८ तास अशी मर्यादा सुचवली आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. एकसारखे दोन ढोल वाजले की एकापेक्षा ३ डेसिबलच वाढतात. थोडक्यात, ढोल दुप्पट तर वेळ निम्मा. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर १०० डेसिबलच्या वरचे आकडे नोंदले गेले आहेत, आणि वादक तर आवाजाच्या उगमापाशीच उभा असतो.

कापसाचा बोळा जवळपास निरुपयोगी. फोमचे बोळे आवाज अडवतात, पण उंच पट्टी जास्त कापतात. ताशा दबका ऐकू येतो आणि वादक ते काढून टाकतो. संगीतकारांसाठीच्या इअरप्लगमध्ये गाळणी असते. ती सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच, साधारण १५ डेसिबलने खाली आणते. नीट बसवला तर १०० चे ८५ होतात, १५ मिनिटांचे ८ तास.

याला जोड हवी ती सरावात मधूनमधून विश्रांतीची, ताशांच्या अगदी तोंडाशी रोज एकाच वादकाला उभं न करण्याची आणि दरवर्षी पहिल्या सरावाआधी श्रवणचाचणीची. बिघाड सुरू झाला की चाचणीच्या आलेखावर बहुधा ४ हजार हर्ट्झजवळ खाच पडते. आईची हाक चुकायला लागण्याआधी ही खाच कागदावर दिसू शकते.