लष्करी कचेरीतील उमेदवारी

बऱ्हाणपूर हे नाव मराठी वाचकास परके नाही. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने मराठ्यांस जी स्थळे दिली त्यांत असीरगडाच्या जोडीने तेही होते. आणि आज मध्य प्रदेशात जिल्ह्याचे ठाणे असलेल्या या शहराच्या पेठांतून मराठी अजूनही कानी पडते. तेथे कायदा शिकणाऱ्या एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाचा प्रश्न आम्ही आज मुद्दाम पुढे ठेवीत आहोत, कारण तोच प्रश्न काणकोणच्या आणि सावंतवाडीच्या मुलाचाही आहे.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. नियम स्तुत्यच आहे. मात्र त्या आठवड्यांत विद्यार्थ्याने राहावे कोठे व खावे काय, याविषयी नियमकर्ते मौन पाळतात. ज्याच्या घरातच वकिली आहे त्याला ही विवंचना नाही! बऱ्हाणपूरच्या मुलास मात्र सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे काम पाहावयाचे तर इटारसीमार्गे सुमारे ५०० किलोमीटरवरील जबलपूर गाठावे लागते. गोमंतकीय मुलास मुंबई.

लष्करी कायद्याचेच एवढे काय, असे कोणी विचारील. १९५० च्या लष्कर कायद्यान्वये समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर हा एकटाच न्यायासन असतो, आणि तो लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरच्या हुद्द्याचा असल्यास जवानास एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये बसणारे अधिकारीही पेशाने शिपाईगडी, कायदेपंडित नव्हेत. म्हणून तेथे जज्ज अ‍ॅडव्होकेटची उपस्थिती कायद्यानेच अनिवार्य केली आहे. पण त्याहून मोठा पसारा आहे तो निवृत्तिवेतनाचा. ‘आजार सेवेमुळे उद्भवला नाही व सेवेने बळावलाही नाही’ एवढ्या एका वैद्यकीय शेऱ्यावर जवानाचे अपंगत्व वेतन अडून राहते. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती असा आजार पुढे जडला तर तो सेवेतूनच आला असे सामान्यतः मानावे, तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणी सांगितले. परंतु ती नोंद होती की नव्हती, हे जुन्या फायलींतूनच शोधावे लागते. जीर्ण कागद वाचणे, तारखा लावणे, टिपण तयार करणे, ही कामे विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत आणि त्याला शिकविणारीही.

अमेरिकेच्या लष्कराचे विधी खाते उन्हाळ्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांना नागरी कर्मचारी म्हणून पगारावर घेते. पुढे गणवेश चढविण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. आपल्याकडे जज्ज अ‍ॅडव्होकेट जनरलच्या खात्याचा दरवाजा उघडतो तो पदवीनंतर. त्या दरवाजातही स्त्रियांसाठी वेगळी, तोकडी फट होती. पुरुषांना सहा आणि स्त्रियांना तीन जागा ही वाटणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरविली. गुणवत्तेचा हा न्याय पैशाअभावी अडलेल्यांपर्यंतही पोहोचावयास हवा.

बार कौन्सिलने २०२४ साली नवोदित वकिलांसाठी शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. विद्यार्थ्यास याच्या निम्मे मिळाले तरी त्याचा उन्हाळा निभेल. गुप्ततेची अडचण पुढे केली जाईल, ती अगदीच खोटी नाही. पण निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांत युद्धाचे मनसुबे नसतात. संरक्षण मंत्रालयाने न्यायाधिकरणात सरकारची बाजू सांभाळणाऱ्या लष्करी विधी कचेऱ्यांतून प्रारंभी चार-चार आठवड्यांच्या मोजक्या सवेतन जागा काढाव्यात. लष्करी विधी संस्था नागपूरजवळ कामठीस आहेच. पहिल्या आठवड्याचे धडे तेथे देता येतील. निवासाची सोय छावणीत करावी, आणि जाहिरात दिल्लीच्या नामांकित विद्यालयांपुरती न ठेवता बऱ्हाणपूर, रत्नागिरी, मडगाव येथील फलकांवर फेब्रुवारीतच लावावी, म्हणजे गाडीचे आरक्षणही मिळेल.