टोपलीचे झाड आणि आयात मालातला भुंगेरा

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, पेनॉबस्कॉट, पासामाक्वॉडी, मिकमॅक आणि मॅलिसीट या मूळनिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणत आल्या आहेत. या धंद्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे पाणथळ जागी वाढणारे ब्लॅक अ‍ॅश हे झाड. आपला बुरूड बांबू चिरतो. येथे साल काढलेला ओंडका कुऱ्हाडीच्या पाठीने इंच न इंच ठोकतात. दरवर्षीच्या वाढीतला मऊ थर चिरडतो आणि एकेका वर्षाचे लाकूड लांब पट्टीसारखे सुटून येते. करवतीचे कामच नाही!

बटाट्याच्या शेतांत लागणाऱ्या टोपल्यांची मागणी यंत्रांमुळे आटली. नक्षीदार टोपल्या मात्र टिकल्या. १९९३ मध्ये कारागिरांनी संघटना काढून तरुणांना विणकाम शिकवले. २०११ मध्ये सान्ता फेच्या बाजारात जेरेमी फ्रे या पासामाक्वॉडी विणकराला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेव्हा अडचण गिऱ्हाइकाची नाही, असे आम्हाला वाटते. अडचण झाडाची आहे.

२००२ मध्ये मिशिगन राज्यात आशियातला एक हिरवा भुंगेरा सापडला. तो बहुधा आयात मालाच्या लाकडी खोक्यांतून आला. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात आणि काही वर्षांत झाड वाळते. २०१८ मध्ये तो मेनमध्ये आढळला. जमातींची माणसे आता बिया जमवीत आहेत. तोडलेले ओंडके पाण्याखाली ठेवले तर कीड मरते आणि पट्ट्याही निघतात.

आपले निर्यातदार लाकडी खोक्यांवर जो शिक्का मारून घेतात, तो अशाच किडींसाठी. तो आंतरराष्ट्रीय नियमही २००२ चाच. भुंगेरा तोवर सालीत शिरला होता.