परसातील कोंबड्यांसाठी घरचे खाद्य : उकिरडा, ॲझोला आणि भरडा

परसातील कुक्कुटपालन हा अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना हमखास आधार देणारा जोडधंदा आहे. दहा-बारा कोंबड्या बहुधा घरातील महिलाच सांभाळतात आणि अंड्यांचे पैसेही त्यांच्याच हाती राहतात. परंतु बाजारातील तयार खाद्य विकत घेऊन एवढ्या कोंबड्या पोसल्यास मिळकतीचा मोठा भाग खाद्यावरच खर्च होतो. उलट नुसते मोकळे सोडून दिल्यास अंडी फारच कमी मिळतात. म्हणून घरी व शेतावर उपलब्ध होणाऱ्या पदार्थांपासून कोंबड्यांची गरज कशी भागवावी, याची माहिती येथे देत आहोत.

कोंबडीची गरज किती?

अंडी देणारी कोंबडी दररोज साधारणपणे १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावी लागतात. ज्वारीत प्रथिनांचे प्रमाण सुमारे १० टक्केच असते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने व त्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. हे सर्व कोंबडीला खाद्यातूनच मिळवावे लागते. धान्यात कॅल्शियम नगण्य असते. त्यामुळे केवळ ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी टाकली, तर कोंबडीचे पोट भरते व अंगावर चरबी चढते, पण अंडी वाढत नाहीत. प्रथिने व कॅल्शियम यांची जोड देणे हाच घरच्या खाद्याचा मुख्य मुद्दा आहे.

उकिरड्याचा उपयोग

शेण, पालापाचोळा, भाजीपाल्याचे अवशेष व गोठ्यातील केरकचरा यांच्या ढिगात किडे, अळ्या व गांडुळे तयार होतात. वाळलेल्या गांडुळात ५५ ते ६५ टक्के प्रथिने असतात. कोंबड्या ढीग उकरून हे खाद्य मिळवतात. त्याबरोबर ढीग खालीवर होतो व विष्ठेतील नत्रही त्यात मिसळते.

यासाठी परसात शेजारी-शेजारी दोन ढीग करावेत. पहिला ढीग कोंबड्यांसाठी उघडा ठेवून त्यावर दररोज नवा कचरा टाकावा व पाणी शिंपडून ओलावा टिकवावा. दुसरा ढीग झाकून पूर्ण कुजू द्यावा. कोंबड्यांनी सतत विस्कटल्यास ढिगात पुरेशी उष्णता साठत नाही व तणांचे बी आणि रोगजंतू मरत नाहीत. गांडूळ खताचा वाफा असल्यास त्यावर जाळी बसवावी, नाहीतर सर्व गांडुळे फस्त होतील.

उकिरड्यावर मेलेली जनावरे किंवा कोंबड्या कधीही टाकू नयेत. सडक्या मांसातील अळ्या खाल्ल्याने विषबाधा होऊन कोंबड्यांच्या माना लुळ्या पडतात व त्या दगावतात. माश्या व गांडुळे यांच्यामार्फत जंतही पसरतात. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंतनाशक औषध पाजावे.

वाळवी

लहान पिलांसाठी वाळवी उत्तम खाद्य आहे. मडक्यात जुने गोणपाट, वाळलेले शेण व काडीकचरा भरून पाणी शिंपडावे. वारुळाजवळ हे मडके संध्याकाळी पालथे ठेवावे. सकाळी जमलेली वाळवी पिलांपुढे झटकावी.

हिरवे खाद्य

लसूणघास, शेवग्याचा पाला, पालक व कोबीची पाने बारीक चिरून किंवा जुडी टांगून द्यावीत. यातून जीवनसत्त्व अ मिळते व बलकाला चांगला पिवळा रंग येतो. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने तो फार थोडा द्यावा.

ॲझोलासाठी २ मीटर लांब, २ मीटर रुंद व २० सेंमी खोल खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्यावर १० ते १५ किलो चाळलेली माती पसरावी. २ किलो ताजे शेण व ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून टाकावे व पाण्याची पातळी १० सेंमी ठेवावी. ॲझोलाचे अर्धा ते एक किलो बियाणे सोडल्यास १० ते १५ दिवसांत खड्डा भरतो व रोज ५०० ते ६०० ग्रॅम ॲझोला काढता येतो. तो स्वच्छ धुऊनच द्यावा.

मात्र ताज्या ॲझोलात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. अर्धा किलो ॲझोलातून जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. दहा कोंबड्यांत ती वाटली, तर प्रत्येकीच्या वाट्याला एक ग्रॅमही येत नाही. त्यामुळे ॲझोला हे चांगले हिरवे खाद्य असले, तरी त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नये.

घरचा भरडा

दहा किलो भरड्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे.

ज्वारी किंवा मक्याचा भरडा : ५.५ किलो
गव्हाचा किंवा भाताचा कोंडा : २ किलो
भुईमूग पेंड : १.५ किलो
सुक्या मासळीची कुटी : ५०० ग्रॅम
शिंपल्यांचा चुरा : ५०० ग्रॅम

मासळी खारवलेली असल्यास वेगळे मीठ घालू नये. पेंडीऐवजी सोयाबीन वापरावयाचे असल्यास ते भाजून घ्यावे. कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन होऊ देत नाहीत. प्रत्येक कोंबडीला ४० ते ५० ग्रॅम भरडा संध्याकाळी द्यावा, म्हणजे दिवसभर त्या चरतात व वेळेवर खुराड्यात परततात. सुगीनंतर शेतात दाणे सांडलेले असतात, तेव्हा भरडा कमी करावा. उन्हाळ्यात व सततच्या पावसात वाढवावा. याशिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यांची कवचे द्यावयाची झाल्यास ती तापवून, बारीक कुटून द्यावीत, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडण्याची सवय लागते.

काय देऊ नये?

बुरशी लागलेला मका, पेंड किंवा शिळी भाकरी मुळीच देऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्याचे कारण बुरशीयुक्त भुईमूग पेंडीतील अफलाटॉक्सिन हे विष असल्याचे नंतर सिद्ध झाले. हे विष उकळूनही नष्ट होत नाही. पेंड थोडी-थोडी आणावी व कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावी.

एरंडीच्या बिया व पेंड, हिरवे पडलेले बटाटे, कच्चा राजमा, लोणचे-पापडासारखे खारट खरकटे आणि बीजप्रक्रिया केलेले उरलेले बियाणे यांपासून कोंबड्यांना दूर ठेवावे. पिकावर औषध फवारल्यावर काही दिवस त्या शेतात कोंबड्या सोडू नयेत.

खाद्याबरोबर स्वच्छ पाणी व मानमोडी रोगाविरुद्ध वेळेवर लसीकरण आवश्यक आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, तर गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती त्याहून अधिक देतात. परंतु जात कोणतीही असो, पेंड व शिंपल्यांची जोड मिळाल्याशिवाय तिची क्षमता दिसून येत नाही. धान्य, कोंडा, हिरवा पाला व उकिरडा घरचा वापरावा आणि पैसा फक्त पेंड, कुटी व शिंपल्यांवर खर्च करावा, म्हणजे परसातील हा धंदा किफायतशीर ठरेल.