चौदाच्या आसपास

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्या वाचत चाललं, तर आपण कशासाठी आलो होतो हेच विसरायला होतं. अख्ख्या विदर्भातून पेशंट इथे येतात. डायलिसिसच्या खोलीत यंत्राच्या पडद्यावर एक आकडा चौदाच्या आसपास रेंगाळत असतो. नातेवाइकांचं लक्ष ब्लडप्रेशरवर, टेक्निशियनचं मात्र या आकड्यावर. ही कंडक्टिव्हिटी, म्हणजे द्रवाची वीज वाहून नेण्याची क्षमता. एकक मिलिसीमेन्स दर सेंटिमीटरला.

डायलिसिसचा द्रव यंत्र तिथल्या तिथे कालवतं. आरओचं पाणी घ्यायचं, लाल नळीने आम्लाचा अर्क ओढायचा, निळीने बायकार्बोनेटचा. मिनिटाला अर्धा लिटर धरलं तर चार तासांत 120 लिटर. यंत्रातल्या गाळणीच्या पातळ पडद्यापलीकडे माणसाचं रक्त असतं. द्रव फार पातळ झाला तर तांबड्या पेशी फुगून फुटतात. फार खारा झाला तर आकसतात. म्हणून आकडा हद्दीबाहेर गेला, की यंत्र बोंब मारतं आणि द्रव पेशंटकडे न पाठवता बाहेर सोडून देतं.

मोजायचं कसं? दोन इलेक्ट्रोड बुडवून साधी डीसी वीज सोडली, तर आयन त्यांच्यापाशी गोळा होतात आणि आकडा फसवतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या कोलराउशने उलटसुलट वाहणारी एसी वीज वापरून ही अडचण सोडवली. तापमान अंशाने वाढलं, की आकडा साधारण दोन टक्के चढतो. नागपूरच्या मे महिन्यात हे विसरून भागत नाही.

हेच मोजमाप बाहेर विहिरीवरही चालतं. पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला-अमरावती-बुलडाण्याचा खारपाणपट्टा या आकड्यातच कळतो. ओलितासाठी 2.25 च्या वरचं पाणी जुन्या वर्गवारीत अतिखारं. डायलिसिसचा द्रव त्याच्या सहापट, आणि तो रक्ताइतकाच खारा; म्हणजे पिकाच्या जिवावर उठणारा खारटपणा आपण अंगात बाळगून हिंडतो!

एक मात्र खरं: हा आकडा मीठ किती ते सांगतो, कोणतं ते नाही. सोडियमचा वाटा मोठा, म्हणून चालून जातं. पण चुकीच्या प्रमाणात पोटॅशियम असलेला अर्काचा कॅन लागला, किंवा आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलं, तर आकडा शहाण्यासारखा चौदावरच बसून राहील. टीडीएस मीटरही कंडक्टिव्हिटीच मोजतो; तो दाखवून पाणी ‘शुद्ध’ ठरवणाऱ्या आरओवाल्यांनी हे जरूर ऐकावं.

म्हणून शिफ्टच्या आधी टेक्निशियन कॅनचं लेबल वाचतो, क्लोरीनची चाचणी करतो, कपभर द्रव काढून हातातल्या मीटरने पुन्हा मोजतो. जुळलं, की मग सुई.