फुंकेतला ताल : मेसिओ पार्कर

मागच्या भागात चार्ली पार्कर होता, एका दमात सुरांचा पाऊस पाडणारा. या आठवड्याचा पार्कर त्याचा नात्याने कोणी लागत नाही आणि त्याची रीतही वेगळी. सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर सूर मोजके घेतो, पण लयीत असे ठेवतो की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागते.

त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टन गावचा. धाकटा भाऊ मेल्विन ड्रमवर. रे चार्ल्सच्या वाद्यवृंदातले डेव्हिड न्यूमन आणि हँक क्रॉफर्ड हे मेसिओचे आदर्श.

१९६४ मध्ये गायक जेम्स ब्राऊनला आपल्या बँडमध्ये हवा होता तो मेल्विन. सोबत आलेल्या मेसिओला त्याने विचारलं, तुझ्याकडे बॅरिटोन सॅक्सोफोन आहे का? नव्हता. तरीही मेसिओने बेधडक ‘हो’ म्हणून टाकलं आणि दोघा भावांना काम मिळालं.

ब्राऊनची शिस्त कडक होती. सूर चुकला की दंड, बुटांना पॉलिश नसलं तरी दंड. त्याच्या फंकमध्ये सगळा जोर पहिल्या मात्रेवर. आपल्याकडे समेवर येण्याचं जे सुख, तेच इथे दर आवर्तनाला वसूल केलं जातं. मग गिटार काय, ट्रम्पेट काय, सगळीच वाद्यं तालवाद्यं होतात.

याचा उत्तम दाखला म्हणजे १९६७ चं ‘कोल्ड स्वेट’. रचना ब्राऊन आणि सॅक्सोफोनवादक पी वी एलिस यांची. ब्रासचा जो छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तो एलिसला माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’वरून सुचला होता. मधेच ब्राऊन मेसिओला नावाने हाक मारतो आणि त्याचा टेनर सॅक्सोफोन सुरू होतो. खाली कॉर्ड बदलत नाही. जाझवाल्याला कॉर्ड बदलल्या की नव्या वाटा सापडतात. इथे तीही सोय नाही. जिभेने रीड दाबून मेसिओ सूर तोडतो, थांबतो, परत तिथेच घाव घालतो. मला तर त्याच्या त्या थांबण्यातच सगळी कला दिसते. क्लाइड स्टबलफिल्डचा ड्रम त्या फटींतून आरपार ऐकू येतो.

१९७० मध्ये ब्राऊनला सोडून मेसिओ आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःचा बँड काढला. तो फार चालला नाही. १९७३ मध्ये परतणं, मग जॉर्ज क्लिंटनच्या ‘पार्लमेंट’मध्ये जाणं, ऐंशीच्या दशकात पुन्हा ब्राऊनकडे येणं... दुसऱ्याच्या नावाखाली वाजवण्यात उमेदीची अडीच दशकं गेली.

स्वतःच्या नावावर खरं यश मिळालं ते १९९० च्या ‘रूट्स रिव्हिजिटेड’ने, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. दोन वर्षांनी जर्मनीतल्या कोलोनमध्ये ‘लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह’ प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाला. सोबत ट्रॉम्बोनवर फ्रेड वेस्ली आणि सॅक्सोफोनवर तोच पी वी एलिस. आमच्या वाजवण्यात दोन टक्के जाझ, बाकी अठ्ठ्याण्णव टक्के फंक, असं मेसिओ तिथे श्रोत्यांना सांगतो. हा हिशेब मात्र मला पटत नाही. लांबलचक पहिल्या गाण्यात तिघं एकमेकांचं ऐकून जे जागच्या जागी रचत जातात, ते जाझच आहे. फक्त त्यावर नाचता येतं.

ज्यांना एकच ध्वनिमुद्रण ऐकायचं असेल, त्यांनी हेच ऐकावं. त्यातल्या पी वी एलिसकडे पुढच्या भागात वळू; किशोरवयात तो सॉनी रॉलिन्सकडे शिकला होता, तिथून सुरुवात करू.