खुला व्यापार : लाभ कोणाचा, किंमत कोणाची ?

सणाच्या दिवशीं घरांत पुरणपोळ्या करावयाच्या असल्या म्हणजे सासूबाई पोळपाटापाशीं बसतात आणि भाजी निवडण्याचें काम सुनेकडे जातें. वास्तविक भाजी निवडण्यांतहि सासूबाईंचा हात अधिक चपळ असतो. तरीहि तें काम त्या सुनेवर सोंपवितात. कारण त्यांचा वेळ भाजींत गेला तर तितक्या वेळांत होणाऱ्या पोळ्यांस घर मुकेल. राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराचें मूलतत्त्व याहून फारसें निराळें नाहीं.

डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हें तत्त्व आंकड्यांनीं मांडलें. त्याच्या उदाहरणांत ठराविक कापड विणण्यास इंग्लंडमध्यें १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात व ठराविक मद्य तयार करण्यास १२० माणसांचे. पोर्तुगालमध्यें तेंच कापड ९० व तेंच मद्य ८० माणसांच्या श्रमांत होतें. म्हणजे दोन्ही जिनसांत पोर्तुगालच सरस. तथापि पोर्तुगालनें मद्य देऊन कापड घेतलें, तर ९० माणसांचें काम ८० माणसांत भागतें. आणि इंग्लंडनें कापड देऊन मद्य घेतलें, तर १२० माणसांचें काम १०० माणसांत होतें. दोघांचाहि लाभ होतो. प्रश्न श्रेष्ठ कोण हा नसून, कोणाचें श्रेष्ठत्व कोठें अधिक आणि उणेपण कोठें कमी, हा आहे. यालाच तौलनिक लाभाचा सिद्धांत म्हणतात.

तत्त्व इतकें सरळ असतां देश जकाती कां बसवितात ? याचें कारण असें कीं, खुल्या व्यापाराचा लाभ असंख्य घरांत थोडथोडा वांटला जातो, तर हानि मोजक्या धंद्यांवर एकदम कोसळते. ज्यांची हानि होते ते संघटित होतात. ज्यांचा लाभ होतो त्यांना तो जाणवतहि नाहीं. इंग्लंडमध्यें १८१५ सालच्या धान्यविषयक कायद्यानें देशी गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहूं बाजारांत येऊं दिला नाहीं. जमीनदारांचें उत्पन्न राखलें गेलें, पण मजुरांची भाकरी महाग झाली. रिचर्ड कॉब्डेन व जॉन ब्राइट यांनीं याविरुद्ध कित्येक वर्षें चळवळ चालविली. १८४५ मध्यें आयर्लंडांत बटाट्यांचें पीक रोगानें नासलें, आणि पुढील वर्षीं मुख्य प्रधान रॉबर्ट पील यांनीं ते कायदे रद्द करविले. त्यापायीं त्यांचा पक्ष दुभंगला व त्यांचें मंत्रिमंडळहि गेलें.

२३ जानेवारी १८६० रोजीं कॉब्डेन व फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ मिशेल शेव्हालिए यांच्या प्रयत्नानें इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें व्यापारी करार झाला. फ्रान्सनें इंग्रजी कापडावरील बंदी उठवून जकातीस मर्यादा घातली. इंग्लंडनें फ्रेंच मद्यावरील जकात उतरविली. या करारांतील एक कलम फार दूरगामी ठरलें. दोहोंपैकीं कोणीं तिसऱ्या देशास अधिक सवलत दिल्यास ती दुसऱ्या पक्षासहि आपोआप मिळावी, असें तें कलम होतें. पुढें फ्रान्सनें बेल्जम, जर्मन जकात-संघ व इटली यांच्याशीं करार केले, आणि एकाची सवलत सर्वांपर्यंत पोंचूं लागली.

हिंदुस्थानाच्या वांट्यास मात्र खुला व्यापार आला तो करारानें नव्हे, हुकुमानें. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या आग्रहामुळें १८८२ मध्यें परदेशी सुती कापडावरील आयात-जकात पूर्णपणें उठविण्यांत आली. १८९४ मध्यें तिजोरीच्या अडचणीमुळें ती पुन्हां बसली. पण १८९६ पासून परदेशी कापडावर साडेतीन टक्के, तर तितकाच उत्पादन-कर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावरहि, अशी व्यवस्था झाली. हा कर १९२५ च्या डिसेंबरांत उठला. १८९२ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत न्यायमूर्ति रानडे यांनीं प्रतिपादिलें कीं, इंग्लंडांत जन्मलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांस सर्वकाळीं सारखेच लागू पडत नाहींत. रिकार्डोच्या गणितांत मद्य सोडलेला मजूर लगेच कापड विणूं लागतो. प्रत्यक्षांत माग बंद पडलेल्या विणकरास दुसरा धंदा तयार असतोच असें नाहीं.

मात्र जकातींच्या भिंती बेसुमार उंचावल्यानें काय होतें, हेंहि जगानें पाहिलें आहे. १९३० मध्यें अमेरिकेनें जकाती वाढविल्या, इतर देशांनीं तसेंच प्रत्युत्तर दिलें. मंदी व घसरलेले भाव यांचीहि भर पडून १९३३ पर्यंत जागतिक व्यापाराचें मूल्य १९२९ च्या सुमारें एकतृतीयांशावर आलें. त्या अनुभवांतूनच ३० ऑक्टोबर १९४७ रोजीं जिनीव्हा येथें २३ देशांनीं जकातविषयक सर्वसाधारण करार केला. भारत त्यांपैकीं एक होता. १९९५ मध्यें याच पायावर जागतिक व्यापार संघटना उभी राहिली.

या व्यवस्थेंत कांहीं देशांस आपसांत जकातमुक्त व्यापार करण्याची मुभा आहे. परंतु असा प्रत्येक करार हितावहच असतो असें नाहीं. समजा, एक वस्तु तिऱ्हाईत देशाकडून १०० रुपयांस आणि मित्रदेशाकडून १०५ रुपयांस मिळते, व जकात १० रुपये आहे. करारापूर्वीं ग्राहक ११० रुपये देऊन तिऱ्हाईताचा माल घेई. करारानंतर तो मित्रदेशाचा माल १०५ रुपयांस घेतो. त्याचे ५ रुपये वांचतात, पण सरकारी तिजोरी १० रुपयांस मुकते. एकंदर राष्ट्राचे ५ रुपये जातात. याउलट, पूर्वीं तीच वस्तु देशांत १०८ रुपये खर्चून होत असेल, तर करारामुळें ३ रुपयांची खरी बचत होते.

म्हणून एखादा करार चांगला कीं वाईट, हें केवळ व्यापाराच्या वाढलेल्या आंकड्यांवरून ठरत नाहीं. अटी ठरवितांना दोन्ही पक्षांस खरोखर नकार देण्याची मोकळीक होती काय. माल खरोखर स्वस्त झाला, कीं केवळ विकणारा बदलला. आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांना नवें काम शिकण्यास अवधि व साहाय्य मिळालें काय, हें पाहावें लागतें. लाभ राष्ट्राचा झाला, तरी त्यांतला वांटा विणकराच्या घरीं आपण होऊन जात नाहीं. तो पोंचविण्याची तजवीज त्या राष्ट्रासच करावी लागते.